क्योटोतले पत्त्यांचे दुकान

क्योटोला जाणारा प्रवासी काय पाहतो हे आता ठरून गेले आहे. सोनेरी मंदिर, फुशिमी इनारीच्या हजारो लाल कमानी, बांबूचे बन आणि जमले तर एखाद्या बागेत वाडगाभर हिरवा चहा. आम्हीही हे सारे पाहिले. पण मला आज वाचकांना ज्या जागेवर न्यायचे आहे ती या यादीत सहसा नसते. क्योटो स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर, कामो नदी आणि ताकासे नावाचा अरुंद कालवा यांच्या मधल्या वस्तीत कागियाचो म्हणून एक शांत गल्ली आहे. दोन्ही बाजूंना लाकडी घरे, दारात कुंड्या, भिंतीला टेकवलेल्या सायकली. या घरांमध्ये एक भारदस्त, जुन्या बँकेसारखी दिसणारी इमारत उभी आहे. ती १९३० साली बांधली. दाराजवळच्या जुन्या धातूच्या पाटीवर जपानी अक्षरांत लिहिले आहे : करूता, ट्रम्प, यामाउची निन्टेंडो.

यातला 'ट्रम्प' म्हणजे आपले बावन्न पत्ते. जपानी भाषेत त्यांना तेच नाव आहे, वाचकांनी भलता अर्थ काढू नये! 'करूता' म्हणजेही पत्तेच, पण देशी. आणि 'निन्टेंडो' म्हणजे घरातल्या टीव्हीला जोडून खेळायची यंत्रे करणारी ती जगप्रसिद्ध कंपनी. मारिओ नावाचा मिशीवाला प्लंबर ज्यांनी घरोघरी पोहोचवला, त्यांचे मूळ घर हे. २०२२ च्या एप्रिलपासून या वास्तूत अठरा खोल्यांचे हॉटेल आहे. प्रसिद्ध वास्तुविशारद तादाओ आंदो यांची देखरेख त्याच्या नव्या रचनेवर होती. आम्ही खिशाचा विचार करून ते बाहेरूनच पाहिले.

चलो ऐतेन्री?

आता धारवाडच्या सासुरवाडीचा आणि या गल्लीचा संबंध काय, ते सांगतो. आमच्या सौ.चा धाकटा भाऊ ओसाकात नोकरीला आहे. टीव्हीवरच्या खेळांचे कंत्राटी काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो संगणकाच्या आज्ञावली लिहितो. दिवाळीत घरी आला की नातेवाईक विचारतात, "म्हणजे नेमके काय करतोस?" "गेम करतो," असे त्याने म्हटले की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. सासूबाईंना मात्र ती एकच काळजी. मी अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा जावयाला हे कळायलाच हवे, या समजुतीने त्या फोनवर दर वेळी मलाच विचारायच्या, "अवन कंपनी चलो ऐतेन्री?"

प्रश्न साधा आहे, उत्तर साधे नाही. मेहुण्याच्या कंपनीचे भवितव्य निन्टेंडो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या तीन बड्या घरांच्या चढाओढीशी बांधलेले. ती चढाओढ चाळीस वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात मोठमोठी नावे बुडाली आहेत. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दोघे जपानला निघालो तेव्हा शेंगाचटणी आणि पेढ्यांबरोबर हा प्रश्नही सामानात होता.

कार्ताचे करूता

या पत्त्यांच्या गोष्टीत आपल्या मुलखाचाही थोडा वाटा आहे. १५४३ साली पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले. पुढे फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला गेले ते गोव्याहूनच निघून. त्या काळातल्या पोर्तुगीज खलाशांबरोबर पत्ते जपानात उतरले. पोर्तुगीजांच्या 'कार्ता'चे जपान्यांनी 'करूता' केले. लोक जुगार खेळू लागले म्हणून राज्यकर्त्यांनी बंदी घातली. बंदी आली की लोक चित्रे बदलून नवा जोड काढायचे, त्यावर पुन्हा बंदी यायची. या लपंडावातून 'हानाफुदा' म्हणजे फुलांचे पत्ते तयार झाले. बारा महिने, प्रत्येकाचे चार, असे अठ्ठेचाळीस पत्ते. जानेवारीला पाइनचे झाड, मार्चला चेरीचा बहर, ऑगस्टला गवताच्या टेकडीवरचा पूर्ण चंद्र. आकडा कुठेच नाही, ऋतू पाहून डाव लावायचा.

हे पत्ते हातात घेतले तेव्हा मला सावंतवाडीचा राजवाडा आठवला. तिथली दशावतारी गंजिफा गोल असते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे एकशेवीस पत्ते. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वोडेयरांनी तर गंजिफाचे नवनवे खेळच रचले होते. घाटाखाली मराठीत आणि तिकडे म्हैसुरात कन्नडात अशी ही कला नांदली. आज आपल्याकडे ती शोकेसमध्ये आहे. क्योटोतल्या पत्तेवाल्याचे मात्र वेगळे झाले, म्हणून त्याची गोष्ट ऐकण्यासारखी.

२३ सप्टेंबर १८८९ रोजी फुसाजिरो यामाउची यांनी क्योटोत हानाफुदाचे दुकान घातले. १९०२ च्या सुमारास त्यांनी पाश्चात्त्य पत्तेही छापायला घेतले. 'निन्टेंडो' या नावाचा अर्थ 'नशीब आभाळावर सोपवावे' असा सांगतात. पत्तेवाल्याला शोभणाराच अर्थ. १९४९ साली पणतू हिरोशी यामाउची वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतबाहेर असताना, कॉलेज सोडून गादीवर बसले. ते २००२ पर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षे, प्रमुख राहिले.

उजीचा कारखाना

निन्टेंडोचे संग्रहालय क्योटोच्या दक्षिणेला उजी या गावी आहे. उजी चहासाठी नावाजलेले. तिथल्या ब्योदो-इन मंदिराचे चित्र जपानच्या दहा येनच्या नाण्यावर आहे. क्योटोहून किन्तेत्सू रेल्वेची लोकल पकडायची आणि ओगुरा स्टेशनवर उतरायचे. तिथून पाच-सात मिनिटे चालत. आजूबाजूला साधी घरे, किराणा दुकाने. कंपनीचा जुना कारखाना याच ठिकाणी होता. पूर्वी इथे पत्ते छापले जात, नंतर बिघडलेली यंत्रे दुरुस्तीला येत. २ ऑक्टोबर २०२४ रोजी तो संग्रहालय म्हणून खुला झाला. तिकीट दारावर मिळत नाही, आधी सोडतीत नाव घालावे लागते. मेहुण्याने महिन्यांआधी घातले होते, ते लागले. मोठ्या माणसाला ३,३०० येन.

आत गेल्यावर प्रत्येकाच्या कार्डावर दहा नाणी जमा असतात. प्रत्यक्ष नाणी नव्हेत, हिशेबातली. प्रत्येक खेळाला काही नाणी खर्च होतात, संपली की संपली. सगळे खेळ दहात बसत नाहीत, त्यामुळे मुलांना दारातच काटकसर शिकावी लागते! एका दालनात माणसाहून मोठा रिमोट ठेवला आहे. एकाने दिशा सांभाळायची, दुसऱ्याने उडीचे बटण दाबायचे. बहीणभाऊ दोघे मिळून मारिओला पळवू लागले. "तम्मा, उडी मार," असे सौ. ओरडेपर्यंत मारिओ खड्ड्यात. शेजारची जपानी आजी खळखळून हसली.

वरच्या मजल्यावर मात्र फोटो काढायला मनाई. तिथे कंपनीने आजवर केलेले जवळजवळ सगळे मांडून ठेवले आहे. मला थांबवले ते तिथल्या फसलेल्या वस्तूंनी. १९७० च्या दशकातली बाबागाडी आहे, स्वस्तातले नकलायंत्र आहे. १९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय' आहे. डोळ्यांना लावून बघायचे ते तांबडे यंत्र जगभरात आठ लाखांच्या आतच खपले. २०१२ चे 'वी यू' आहे, तेही १ कोटी ३६ लाखांच्या आसपास थांबले. पडलेल्या आणि गाजलेल्या वस्तू एकाच उजेडात, एकाच कपाटाच्या ओळीत. आपल्याकडे दुकानाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत बुडालेल्या शाखेचा फोटो कुणी छापेल का?

कंपनीच्या यंत्रांची देखभाल करायला १९६५ मध्ये गुनपेई योकोई नावाचा तरुण अभियंता लागला होता. रिकाम्या वेळेत त्याने लांबून वस्तू उचलणारा लाकडी कातरीसारखा हात करून पाहिला. मालकाने तो पाहिला आणि रागावण्याऐवजी विकायला काढायला सांगितले. १९६६ मधला तो 'अल्ट्रा हँड' दहा लाखांहून अधिक खपला. पुढे योकोईंनी एक सूत्र मांडले : जुने झालेले, स्वस्त आणि खात्रीचे तंत्र घ्यावे आणि ते नव्या कामाला लावावे. कॅल्क्युलेटरच्या काचेवर त्यांनी १९८० मध्ये खिशातला खेळ केला. १९८९ चा 'गेम बॉय' त्याच विचाराचा. पडद्याला रंग नव्हते, पण चार सेलवर तो तासन् तास चालायचा. प्रतिस्पर्ध्यांनी रंगीत यंत्रे काढली, त्यांना सहा सेल लागायचे आणि ते बघता बघता उतरायचे. प्रवासात मूल शांत ठेवायचे असेल तर आईबापांनी काय घ्यावे, हे सांगायला नको. रंगीत आवृत्तीसह गेम बॉय ११ कोटी ८६ लाखांवर गेला.

जिंकलेल्यांची फजिती

या धंद्याचे गणित थोडक्यात सांगायला हवे. दाढीचा रेझर स्वस्त द्यायचा आणि पाती विकून कमवायचे, तसेच इथे. यंत्र जवळजवळ खर्चाच्या भावात द्यायचे, कधी तोट्यातही, आणि त्यावर चालणाऱ्या प्रत्येक खेळामागे पैसे मिळवायचे. म्हणून किती यंत्रे घरात गेली याला इतके महत्त्व. आणि घेणाऱ्याचेही त्यात काही अडकलेले असते. यंत्र घेऊन ठेवले आणि कंपनीने हात वर केले, तर त्यावर नवे खेळ येत नाहीत.

१५ जुलै १९८३ या एकाच दिवशी जपानात दोन यंत्रे विक्रीला आली. निन्टेंडोचे 'फॅमिकॉम' १४,८०० येनला आणि टोकियोच्या सेगाचे 'एसजी-१०००' १५,००० येनला. फॅमिकॉमच्या सुरुवातीच्या यंत्रांत दोष निघाला, तेव्हा यामाउचींनी बाजारातला माल परत घेतला. नुकसान सोसले, नाव राखले. त्याच वर्षी अमेरिकेत हा धंदा कोसळला होता. अटारी कंपनीने न खपलेल्या खेळांच्या पेट्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या. २०१४ मध्ये त्या खणून काढल्या तेव्हा ती दंतकथा नव्हती हे सिद्ध झाले. लोक म्हणत होते, हा खेळ संपला. दोनच वर्षांत फॅमिकॉमचा अमेरिकी अवतार तिकडे गेला आणि पुढे जगभर ६ कोटी १९ लाख यंत्रे खपली. आपल्याकडे नव्वदीत टीव्हीला जोडून तासाच्या भाड्याने जे खेळ आम्ही खेळलो, ती बहुतेक याच यंत्राची नक्कल होती, हे मला उजीला कळले.

मग सेगाची पाळी आली. १९९१ मध्ये त्यांचा निळा साळू 'सोनिक' आला आणि काही काळ अमेरिकेत सेगाने निन्टेंडोला मागे टाकले. त्याच वर्षी आणखी एक घडले. निन्टेंडो आणि सोनी मिळून सीडीवर चालणारे यंत्र काढणार होते. जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने सोनीला सोडून फिलिप्सशी हातमिळवणी केल्याचे सांगितले. करारात सीडीच्या खेळांवरचा हक्क सोनीकडे जात होता, हे यामाउचींना नको होते. भर सभेत झालेला तो अपमान सोनीतले अभियंते केन कुतारागी विसरले नाहीत. ३ डिसेंबर १९९४ रोजी सोनीचे 'प्लेस्टेशन' आले आणि दहा कोटींच्या वर गेले. २००० मधल्या 'प्लेस्टेशन २'ने तर १६ कोटींचा पल्ला गाठला. निन्टेंडोने स्वतःच्या हाताने प्रतिस्पर्धी जन्माला घातला होता.

जिंकून जिंकून सोनीलाही चढली. २००६ मध्ये 'प्लेस्टेशन ३' अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आले. लोकांनी जादा तास काम करून ते घ्यावेसे वाटले पाहिजे, अशा आशयाचे कुतारागींचे बोलणे तेव्हा गाजले. यंत्र विकण्यापेक्षा बनवायला जास्त खर्च येत होता. निन्टेंडोचे 'वी' त्याच महिन्यात २४९ डॉलरला आले. त्यात जुनेच तंत्र, फक्त हात हलवून टेनिस खेळता येई. आजी-आजोबाही खेळू लागले. 'वी' १० कोटी १६ लाखांवर गेले, 'प्लेस्टेशन ३' पावणेनऊ कोटींच्या आसपास राहिले. आणि लगेच पुढच्या डावात 'वी यू' आपटले! म्हणजे या बाजारात एका डावातला राजा पुढच्या डावात राजा राहीलच असे नाही. निन्टेंडो, सेगा, सोनी, तिघांनीही हे अनुभवले.

वाईट हात आला तेव्हा

मग टिकते कोण? उजीहून परतताना लोकलमध्ये मेहुण्याने सांगितलेली हकिकत या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

२०११ मध्ये निन्टेंडोचे 'थ्री-डीएस' हे हातातले यंत्र जपानात २५,००० येनला आले. ते अपेक्षेइतके खपेना. सहा महिन्यांच्या आत किंमत १५,००० येनवर आणावी लागली. त्या आर्थिक वर्षात कंपनीला मोठा तोटा झाला. प्रमुख होते सातोरू इवाता, स्वतः आज्ञावली लिहीत वर आलेले. त्यांनी स्वतःचा पगार निम्मा केला, इतर संचालकांचाही कापला. 'वी यू' पडल्यावर २०१४ मध्ये पुन्हा पाच महिने निम्मा पगार. भागधारकांनी माणसे कमी करण्याचा विषय काढला, तेव्हा नोकरीची भीती बाळगणाऱ्या माणसांच्या हातून लोकांचे मन जिंकणारा खेळ होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तिजोरीत आधीच्या चांगल्या वर्षांची रोकड होती, डोक्यावर कर्जाचा बोजा नव्हता, म्हणून ते असे म्हणू शकले. इवाता २०१५ च्या जुलैमध्ये गेले. ज्या यंत्राची तयारी त्यांच्या काळात सुरू झाली ते 'स्विच' मार्च २०१७ मध्ये आले आणि पुढे १५ कोटींच्या वर गेले.

"आणि उरलेले निम्मे उत्तर?" मी विचारले. मेहुणा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दाजी, यंत्रे किती खपली ते पेपरात येतं. किती घरांचा हप्ता थांबला ते येत नाही."

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने टोकियोतला टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करत असल्याचे जाहीर केले होते. त्यांचा 'हाय-फाय रश' हा खेळ वर्षभरापूर्वीच वाखाणला गेला होता. मायक्रोसॉफ्ट ही या तिघांत सर्वात श्रीमंत कंपनी. २००७ मध्ये त्यांच्या 'एक्सबॉक्स ३६०'मध्ये तांबडे दिवे लागून यंत्रे बंद पडू लागली, तेव्हा दुरुस्तीसाठी त्यांनी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली आणि तरी डगमगले नाहीत. २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी त्यांनी सुमारे ६,९०० कोटी डॉलरला घेतली. तरीही काही महिन्यांत एक गुणी स्टुडिओ बंद करायला निघाले. ऑगस्ट २०२४ मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने तो स्टुडिओ पदरात घेतला, हे त्या माणसांचे नशीब. मेहुण्याच्या ओळखीची माणसे त्या धास्तीत होती. सासूबाईंचा फोनवरचा प्रश्न त्यालाही रात्री झोपू देत नसावा, हे मला त्या लोकलमध्ये जाणवले.

ओसाका, ५ जून

आमच्या मुक्कामात ५ जून २०२५ ही तारीख आली. त्या दिवशी 'स्विच २' बाजारात आले. ओसाकाच्या उमेदा भागातल्या विजेच्या वस्तूंच्या मोठ्या दुकानापुढे सकाळीच रांग होती. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. ज्यांचे नाव सोडतीत लागले त्यांनाच माल. जपानात कंपनीच्या स्वतःच्या दुकानाच्या सोडतीसाठी २२ लाख अर्ज आले होते. फक्त जपानी भाषेत चालणारे यंत्र ४९,९८० येनला, म्हणजे आपल्या तीस हजारांच्या आसपास, आणि सगळ्या भाषांचे ६९,९८० येनला. घरच्या गिऱ्हाइकाला कमी भाव देण्याचा हा व्यवहारीपणा मला आवडला. पहिल्या चार दिवसांत जगभर ३५ लाख यंत्रे गेली आणि सप्टेंबर २०२५ अखेर आकडा एक कोटीच्या पुढे होता. सोनीचे 'प्लेस्टेशन ५' तोवर पाच वर्षांत आठ कोटींच्या वर पोहोचले होते. मायक्रोसॉफ्टने २०२४ पासून आपले काही खेळ या प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवरही विकायला सुरुवात केली आहे. मेहुण्याच्या कंपनीला हे फायद्याचेच : एकच खेळ तीन दुकानांत.

रांगेत एक आजोबा नातवाबरोबर उभे होते. सौ.ने खुणेने विचारले, "कोणासाठी?" आजोबांनी आधी नातवाकडे बोट दाखवले आणि मग हळूच स्वतःकडे.

अकिहाबाराची लाल इमारत

परतीचे विमान टोकियोच्या हानेदाहून होते, म्हणून आदल्या दिवशी शिंकानसेनने टोकियो गाठले. हानेदा परिसरातच २०१८ पर्यंत सेगाचे मुख्य कार्यालय होते. संध्याकाळी आम्ही अकिहाबाराला गेलो. दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांनी वसवलेला हा बाजार आता खेळ, चित्रकथा आणि बाहुल्यांचा झाला आहे. तिथल्या उंच लाल इमारतींवर पूर्वी 'सेगा' हे नाव झळकायचे. आता 'गिगो' आहे. सेगाने आपली खेळघरे २०२० च्या डिसेंबरपासून विकायला काढली आणि २०२२ मध्ये नावही उतरले.

सेगाचे शेवटचे यंत्र 'ड्रीमकास्ट'. १९९८ चे, काळाच्या पुढचे, फोनच्या तारेने इंटरनेटला जोडता येणारे. पण आधीच्या तोट्यांनी तिजोरी रिकामी झाली होती आणि समोर 'प्लेस्टेशन २' उभे होते. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने यंत्रे बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. प्रमुख इसाओ ओकावा तेव्हा आजारी होते. त्यांनी सुमारे ७० कोटी डॉलर मोलाची स्वतःची मालमत्ता कंपनीला देऊन टाकली आणि मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. त्या दानावर सेगा तगली. यंत्रे सोडून फक्त खेळ करू लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस सोनिक निन्टेंडोच्या यंत्रावर दिसला आणि २००७ मध्ये मारिओ आणि सोनिक एकाच ऑलिंपिकच्या खेळात धावले. कालचे वैरी एका अंगणात!

अकिहाबाराच्या एका जुन्या मालाच्या दुकानात, तिसऱ्या मजल्यावर, ड्रीमकास्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले होते. मेहुण्याने ते उचलले, किंमत पाहिली आणि परत ठेवले. मग म्हणाला, "दाजी, हे बनवणारे हुशार नव्हते असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्याकडे पुढच्या डावासाठी पैसे नव्हते, एवढंच."

वर्गात मी मुलांना बाजारातील हिस्सा, मागणी, स्पर्धा शिकवतो. आकडे फळ्यावर लिहितो. या प्रवासानंतर त्यात दोन प्रश्नांची भर घातली आहे : हाती वाईट पत्ते आले तेव्हा या कंपनीने आधी कोणाचा पगार कापला? आणि चांगल्या वर्षातले किती शिल्लक ठेवले? वडगाव-खासबागच्या मागवाल्यांची मुले माझ्या वर्गात असतात. हे प्रश्न त्यांना जपानचे वाटत नाहीत. मागाच्या धंद्यात वाईट वर्षे त्यांनी पाहिलेली आहेत. कुणाच्या घरी तेव्हा आधी मालकाच्या पानातली भाकरी कमी झाली, कुणाच्या घरी कामगाराच्या, तेही त्यांना ठाऊक आहे.

परत आल्यावर सासूबाईंना मी सविस्तर सांगितले. तीन बड्या घरांपैकी उद्या कोण पुढे असेल हे सांगता येणार नाही. पण तुमच्या मुलाची कंपनी तिघांचेही काम घेते, कर्ज काढत नाही, आणि तुमचा मुलगा सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवून बसला आहे. जपानी भाषेच्या पुढच्या परीक्षेचा अभ्यासही चालू आहे, म्हणजे हे दार बंद झाले तर दुसरे ठोठावता येईल. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. कंपनीविषयी त्या पुढे काही बोलल्या नाहीत. "हंगादर चलो," एवढे म्हणून त्यांनी विचारले, जेवायला वेळेवर जातो की नाही?